अक्षरावरची फुंकर

३ फेब्रुवारी

बारक्या,

आणि वर मला विचारतोस, "ताई, रागावलीस का?" रागावू नको तर काय तुला कडेवर घेऊन नाचू? खोकाभर मास्क पाठवले मी. साधे कापडी नव्हेत, आमच्या वॉर्डात डॉक्टर घालतात तसले, नाकावर पत्र्याची पट्टी असलेले. आणि तुझी बायको मला फोनवर सांगते की एकात तू बारीक छिन्न्या ठेवतोस, एकातून रंग गाळलास आणि बाकीचे खुंटीला टांगलेत. छान दिसतात म्हणे खुंटीला!

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. अर्धे कान हातोडीनं गेलेत, उरलेल्या अर्ध्यांनी ऐकून तू नुसतं "हो हो" म्हणतोस. ते हो-हो मला पाठ झालंय. म्हणून पत्र. जे काय म्हणायचं ते कागदावर म्हण, म्हणजे उद्या तुझ्या नाकासमोर धरता येईल. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर तुझ्याइतकंच सरळ आहे. का नसेल? दोघांनी आबांनी कोरलेल्या दगडातच बोट फिरवून गिरवलंय.

आता ऐक. सात नंबरच्या खाटेवर एक माणूस आलाय. तुझ्यासारखाच, दगडात अक्षरं कोरणारा. वय चव्वेचाळीस, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. उशीवरून उठून बसला तरी जिना चढून आल्यासारखा धापा टाकतो. अंग पुसताना त्याचा हात हातात घेतला, तर अंगठ्याच्या मुळाशी तसलाच घट्टा. आबांचा होता तसला, तुझा आहे तसला. परवा म्हणाला, "मावशी, मला वाटायचं दम वयानं लागतोय." चव्वेचाळीस म्हणजे काय वय झालं? आबांनाही तसंच वाटायचं. आठवतं ना, संध्याकाळी गल्लीच्या टोकाला खोकला ऐकू आला की आई ताट घ्यायची. आबा यायच्या आधी आबांचा खोकला घरी पोचायचा.

सोबत एक कागद आहे. त्यावर दोन फुप्फुसं काढलीत, एक धडधाकट आणि एक दगडाच्या भुकटीनं भरलेलं. जेवता तिथे समोर लाव आणि बघत जेव. आणि मास्क घालतोस की नाही तेवढं लिही. बाकी रामायण नको.

ताई


१९ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. हिनं ते इतक्या मोठ्यानं वाचलं की शेजारच्या सुतारानं रंधा थांबवून ऐकलं. माझे कान गेलेत असं तूच लिहिलंस, मग ती तरी काय करणार. चित्र लावलं. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं. चौथ्या दिवशी हिनं त्याच खिळ्याला चाळणी अडकवली. आता दोन्ही फुप्फुसं चाळणीच्या मागे सुखात आहेत.

मास्क घालतो. रोज घालतो. सकाळी बसलो की हातोडीच्या आधी मास्क. हिला विचार, सुताराला विचार. उकडतं, चष्म्यावर वाफ धरते, सुतार मला "सर्जन" म्हणून हाक मारतो. परवा एक गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरलं, त्याला वाटलं घरात साथ आहे. तरी घालतो. आता तरी शांत हो, तुझं प्रेशर वाढेल.

शाळेची पाटी झाली. आबांच्या नियमाप्रमाणे शेवटचं अक्षर इथे कोरलं नाही, पाटी भिंतीत बसल्यावर जागेवर कोरलं. 'शाळा'मधला ळा. ताई, असा बसलाय म्हणून सांगू! दोन्ही पोटं सारखी भरलेली, मध्ये केसाएवढी वाट, कुठे टवका नाही. मागे सगळे मास्तर उभे राहून बघत होते. घरी आल्यावर काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून मी पुन्हा जाऊन बघून आलो. आबा म्हणायचे तसा आला होता, ज्याला ळ येतो त्याला पुढचं शिकवावं लागत नाही असा.

तुझ्या प्रेशरच्या गोळ्या नीट चालू आहेत ना?

बारक्या


४ मार्च

बारक्या,

शाबास! पत्र तीनदा वाचलं. मग वॉर्डात नेलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बावीस खाटा आणि मधे मी. म्हटलं, ऐका रे, हा माझा भाऊ. उकडतं तरी घालतो, हसतात तरी घालतो. आणि तुम्हाला एक गोळी गिळायला सांगितली की तोंडं वाकडी होतात. तीन नंबरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपू दे. लागलं असेल जिथे लागायचं तिथे.

मोठ्या डॉक्टरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मावशी, शंभरात एखादा ऐकतो हो. तुमचा भाऊ तो एक." माझी मान अशी ताठ झाली की तशीच धरून दिवसभर लादी पुसली.

आणि पुढचं ऐक. आमच्या आवारात छातीच्या रोग्यांसाठी नवी इमारत उभी राहिलीय. दारावर दगडी पाटी लावायचीय. कुणाला द्यायची यावर ऑफिसात खल चालला होता. मी बादली खाली ठेवली आणि आत जाऊन सांगितलं, माझ्या भावासारखं अक्षर या भागात दुसऱ्या कुणाचं नाही, खात्री करायची तर शाळेत जाऊन ळ बघून या. कारकून खरंच गेला. आला आणि म्हणाला, "देऊन टाका यांनाच."

मजकूर सोबत आहे, डॉक्टरबाईंनी लिहिलाय. वर इमारतीचं नाव, खाली एकच ओळ : इथे येणाऱ्या प्रत्येकाला मोकळा श्वास मिळो. दोन ळ आहेत बघ, एक मधे आणि एक अगदी शेवटी. मी त्या दारानं रोज सकाळी आत जाणार. माझ्या भावाच्या अक्षराखालून. कळलं का?

माझ्या गोळ्यांचं मला शिकवू नकोस. मी दवाखान्यात काम करते.

ताई


११ एप्रिल

बारक्या,

खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याशी कसं बोलायचं ते मला येतं.

परवा सुट्टी होती म्हणून न कळवता आले. तुझ्या बायकोला माहीत होतं, तिला काही बोलू नकोस. पहिल्या बसनं निघाले, हौसेनं. दारातून हाक मारायची आणि मास्कातला माझा भाऊ बघायचा, एवढंच मनात. तुझ्या कामाच्या खोलीची खिडकी उघडी होती. म्हटलं, क्षणभर बाहेरूनच बघू. आमचीच पाटी पुढ्यात होती. तोंडावर मास्क होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग तू तीन ठोके मारलेस. डाव्या हाताचं बोट मास्कच्या कडेला घातलंस, मास्क हनुवटीवर ओढलास, पाटीवर वाकलास आणि फुंकर मारलीस. भुकटी उडाली ती सरळ तुझ्याच तोंडावर. मास्क वर. तीन ठोके. मास्क खाली. फुंकर. सुतारानं मला चहा आणून दिला. तो निवेपर्यंत मी मोजलं, एकेचाळीस वेळा. सुताराला विचारलं, "हा रोज असंच करतो?" तर तो भला माणूस म्हणतो, "ताई, फुंकल्याशिवाय दिसणार कसं?"

आत आले तर तू उठलास आणि हसून म्हणालास, "बघ, घातलाय की नाही!" मी तो तुझ्या तोंडावरून काढून उलटा केला. आतून पिठाच्या डब्यासारखा पांढरा. आधी भुकटी उडवायची, मग ती तोंडाशी बांधून दिवसभर ओढायची. यापेक्षा उघडं तोंड परवडलं!

जेवायलाही थांबले नाही, परतीची बस धरली. आल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "भाऊ काय म्हणतो?" मी म्हटलं, छान आहे.

आबांची शेवटची दोन वर्षं तू काढलीस, मी नाही. मी इथे नोकरीला. त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना बसवायचास तू. झोपून श्वास घेता यायचा नाही म्हणून खुर्चीत बसून झोपायचे ते. हे सगळं या डोळ्यांनी बघून तू फुंकतोस. का रे? खरंच विचारतेय. माझ्या शिव्या संपल्यात. कळत असेल तुला तर लिही.

ताई


२२ एप्रिल

ताईस,

दहा दिवस लागले लिहायला. तू कधी मला असं विचारलं नव्हतंस. सांगत आलीस, विचारलंस ते पहिल्यांदाच.

तुला वाटतं फुंकर म्हणजे भुकटी उडवणं. तेवढंच असतं तर कुंचला घेतला असता. पण कुंचल्यानं भुकटी खाचेत दडपली जाते. फडकं अडकतं. पाणी मारून कोर म्हणतात, मारून बघितलं, ओला दगड काळा पडतो आणि कोरलेलं न कोरलेलं सारखंच दिसतं, सुकेपर्यंत हातावर हात धरून बसायचं. हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं.

पण फुंकर परत येते, ताई. ओठ खाचेजवळ नेऊन हवा सोडली की ती दगडावरून वळून ओठावर येते. खाच सगळीकडे सारखी खोल असेल तर सारखी येते. कुठे उथळ राहिली असेल तर तिथे ती अडखळते. डोळ्याला हे दिसत नाही, ओठाला कळतं. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा आबांनी माझी मान धरून तोंड दगडाशी नेलं होतं आणि म्हणाले होते, "बघू नको, ऐकू नको, ओठांनी मोज." माझा ळ लोक बघायला येतात ना, तो असा होतो. मास्क लावला की मी आंधळा. आणि शंभरात एक असं काम करणाऱ्याला तू शंभरातल्या शंभरांसारखं कर म्हणतेस, ते अंगाला लागत नाही. आबांच्या खोकल्याची मला भीती वाटते. पण फुंकताना आबा खोकत नसतात. फुंकताना ते माझ्या मागे उभे असतात.

दुसरं असं, मला दोन वर्षं खोकला आहे. तुला माहीत आहे, हिनं सांगितलं असेल. फोनवर दर वेळी छातीचा फोटो काढ म्हणतेस. काढला नाही तोवर छाती माझी आहे. काढला की ती डॉक्टरांची झाली, तुझी झाली, हिची झाली. मग मी कामाला बसलो की तीन माणसं मागे उभी राहणार, आणि त्यांत आबा नसणार.

आता तुझं. तू रागानं निघालीस तेव्हा पिशवी उलटी झाली, आठवतं? सगळं उचललंस, पण गोळ्यांची दोन पाकिटं खाटेखाली गेली. हिला झाडताना सापडली. वर दवाखान्यानं टाकलेली तारीख तीन महिन्यांपूर्वीची. एकही गोळी फोडलेली नाही. सोबत पाठवत आहे.

आपण दोघं आबांचीच, ताई.

बारक्या


६ मे

बारक्या,

पाकिटं मिळाली. तू समोर असतास तर तुझ्या डोक्यात घातली असती. मग तासाभरानं बसून रडले. आता ते झालं, पुढचं लिहिते.

का नाही घेत? मला काही होत नाही म्हणून. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, चार बादल्या एका दमात उचलते. आणि खरं सांगू? गोळी घेतली की मी खाटेवरची होते. चोवीस वर्षं मी खाटेच्या या बाजूला उभी आहे. लोकांना उठवते, बसवते, ओरडते. त्यांच्यातली एक व्हायचं? मी? रोज सकाळी पाकीट हातात घ्यायची आणि मनाशी म्हणायची, उद्यापासून. तीन नंबरच्या म्हाताऱ्याला मी काय काय बोलले याच गोष्टीवरून!

दुसऱ्या दिवशी पाकिटं घेऊन वॉर्डात गेले. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं होतं ना मी? मग म्हटलं, हेही मोठ्यानंच. सांगितलं, माझा भाऊ मास्क काढून फुंकतो, आणि मी गोळ्या पिशवीत घेऊन फिरते. वाटलं होतं हसतील. हसलेच, पोट धरून हसले. मग तीन नंबरच्या म्हाताऱ्यानं उशीचा अभ्रा उलटा केला. अकरा गोळ्या पडल्या. नऊ नंबरची म्हणाली, ती वाफेचं यंत्र फक्त मी आत आले की तोंडाला लावते. चोवीस वर्षं ओरडतेय मी, बारक्या. या बावीसांतल्या एकानं मला आजवर खरं सांगितलं नव्हतं. ओरडणाऱ्याला कोण खरं सांगेल?

मग सात नंबरकडे गेले. त्याला तुझं पत्र दिलं, फुंकरीचा भाग वाच म्हटलं. त्यानं तो दोनदा वाचला. मग ओठावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, खरं आहे. इथे कळतं. मला कुणी विचारलंच नाही, नाहीतर मीही सांगितलं असतं."

म्हटलं, मग दुसरं कशानं कळेल ते तूच सांग. डोकं लाव. नुसता पडून काय राहतोस!

या पार्सलात एक काळा रबरी फुगा आहे. आमच्याकडचं प्रेशर मोजायचं एक यंत्र बाद झालं, त्याचा हा हातानं दाबायचा फुगा. सिस्टरकडून मागून घेतला. दाबला की पुढच्या तोंडातून हवेचा झोत येतो, बारीक आणि सरळ. आबांनी मला अक्षर शिकवायला कोरलेला तो वीतभर दगड माझ्याकडेच आहे, ळचा. तो नेऊन सात नंबरच्या मांडीवर ठेवला. खाचेत खडूची पूड भरली आणि त्याच्या तोंडाला चांगला मास्क घट्ट बसवला. त्यानं फुगा दाबला, आणि डाव्या हाताचं मनगट, आतली नाजूक बाजू, खाचेच्या वर धरली. डोळे मिटले. मी मुद्दाम एका जागी खाचेत मेण दाबून ठेवलं होतं, त्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या झोताला म्हणाला, "इथे काहीतरी अडतंय." बरोबर तिथेच!

त्या माणसाला आनंदानं दम लागला. सिस्टर मला ओरडल्या. ओरडू देत.

त्याचा निरोप जसाच्या तसा : "मनगट ओठाइतकं हुशार आहे, पण अडाणी आहे. आठ दिवस त्याला शिकवा. आठ दिवस अक्षर वाईट येईल, ते फुटक्या दगडावर येऊ द्या." आणि डॉक्टरबाई म्हणतात, फुग्यानंही भुकटी उडतेच, म्हणून मास्क वरच राहू दे, पाटीच्या पलीकडे ओलं पोतं पसर म्हणजे उडालेली त्यावर बसेल, आणि संध्याकाळी खोली झाडू नको, ओल्या फडक्यानं पूस.

मी तुला घाल म्हणत नाही, सोड म्हणत नाही. करून बघ आणि कसं होतं ते लिही. वाईट झालं तर वाईट लिही.

ताई


२५ मे

ताईस नमस्कार.

वाईट झालं. पहिल्या दिवशी फुगा इतका जोरात दाबला की सुतार विचारायला आला, घरात रिक्षा शिरली का. दुसऱ्या दिवशी फुटक्या दगडावर 'क' कोरला, तो तुझ्यासारख्या चौथी पास बाईनं कोरल्यासारखा आला. तिसऱ्या दिवशी फुगा चाळणीच्या खिळ्याला लावला आणि दुपारभर फुंकत बसलो. हेही लिहितोय, कारण तू म्हणालीस वाईट झालं तर वाईट लिही.

चौथ्या दिवशी पुन्हा घेतला, का ते माहीत नाही. सात नंबरवाल्याचा तो मेणाचा प्रकार मनात राहिला होता. त्याला जमतं आणि मला नाही? खाटेवर पडलेल्या माणसाला?

सहाव्या दिवशी मनगटाला काहीतरी कळल्यासारखं वाटलं. आठव्या दिवशी कळलं. दहाव्या दिवशी आमच्या पाटीवरचा 'मोकळा'मधला ळ घेतला. मास्क वर, ओलं पोतं पसरलेलं, डोळे मिटलेले. झोत गेला आणि मनगटावर परत आला, सगळीकडे सारखा. ताई, मी उठून उभा राहिलो. हिला हाक मारली, तिला काही दिसेना. म्हणाली, "नेहमीसारखाच तर आहे." त्याचंच तर कौतुक आहे, नेहमीसारखाच आहे! आबांच्या ळशेजारी ठेव, वेगळा काढून दाखव.

नंतर दोनदा सवयीनं मास्क ओढून फुंकलं. दोनदाच. पूर्वी दिवसाला किती व्हायचं ते तू एका चहात मोजलं आहेस.

सात नंबरवाल्यांना माझा नमस्कार सांग. उस्तादांना म्हणावं, अडाणी मनगट शिकलं.

पाटी झाली, फक्त 'मिळो'मधला शेवटचा ळो राहिलाय. या वेळी तो इथेच कोरून टाकतो. पाच तारखेला कोरेन, सहाला ट्रकनं पाटी येईल. गवंड्याला नीट बसवायला सांग. मी येत नाही. तिथे आलो की तू मला त्या फोटोच्या खोलीत ढकलणार, मी तुला ओळखतो. फुगा घेतला, मास्क घेतला, पोतं पसरलं. एवढं पुरे नाही का?

तुझ्या गोळ्यांचं काय?

बारक्या


२९ मे

बारक्या,

खबरदार त्या अक्षराला हात लावलास तर!

आबांनी एकतीस वर्षं एकाही पाटीचं शेवटचं अक्षर घरी कोरलं नाही. ताप असताना गेले, दम लागत असताना गेले, शेवटच्या पाटीला तर तुझ्या खांद्याला धरून गेले. म्हणायचे, दगड त्याच्या जागी बसला की मग त्याला पुरा करायचा, तोवर तो प्रवासात आहे. आणि तू एका फोटोला घाबरून आबांचा नियम मोडणार? ओठ सोडून मनगटावर आलास, त्यानं आबा गेले नाहीत. हे केलंस तर जातील.

ट्रकनं पुरी झालेली पाटी आली तर मी दारातून परत पाठवीन. ऑफिसात काय सांगायचं ते माझं मी बघते. ळो रिकामा ठेवून पाटी सहाला येऊ दे. गवंडी सातला बसवेल. तू आठ तारखेला सकाळी ये, फुगा घेऊन, मास्क घेऊन.

सात नंबरवाल्याला तुझा नमस्कार सांगितला. "उस्ताद" म्हटलंस म्हणून दिवसभर खाटेवर ताठ बसून होता. त्याचं फार दिवसांचं राहिलेलं नाही, डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यालाही माहीत आहे. त्यानं एकच मागितलंय. खिडकीजवळची खाट. तिथून नव्या इमारतीचं दार दिसतं. दिली मी, चार नंबरवाल्याला हलवून. तो चार नंबरवाला पण कुरकुरला नाही, म्हणाला त्यांना बघू दे. नुसता एकटा तो नाही, उठता येतं ते सगळे खिडकीत येणार आहेत. फुग्यानं ळ होतो यावर तीन नंबरच्या म्हाताऱ्याचा विश्वास नाही.

तू म्हणतोस एवढं पुरे नाही का. पुष्कळ आहे. मी माझ्या डोळ्यांनी चोवीस वर्षांत एवढं करताना कुणाला पाहिलेलं नाही, आणि माझा भाऊ म्हणून म्हणत नाही. पण दोन वर्षांचा खोकला फुग्यानं जात नाही रे. आत काय आहे ते कळलं नाही तर डॉक्टर तरी काय करणार? सात नंबरवाला नुसता खोकला होता तेव्हाच आला असता तर काहीतरी हातात होतं, हे त्याच्याच तोंडचं वाक्य आहे. ढकलणार नाही मी तुला. त्या खोलीच्या दारापर्यंत चालत येईन आणि बाहेर बाकावर बसेन. छाती तुझीच राहील. मी मागे उभी राहणार नाही, आबांची जागा घेणार नाही.

माझ्या गोळ्या. डॉक्टरबाईंनी कार्ड दिलंय, घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात रेघ मारायची. ते वॉर्डाच्या दाराला आतून लावलंय, सगळ्यांना दिसेल असं. तेवीस चौकोन, एकवीस रेघा. दोन रिकामे आहेत, ते रिकामेच ठेवलेत. नऊ नंबरची रोज सकाळी मला विचारते, "मावशी, झाली का रेघ?" बघ कशी उलटी गंगा वाहतेय! आठ तारखेची गोळी मी सकाळी घेणार नाही. ती पदराला बांधून ठेवीन. तू ळो पुरा करून फोटोच्या खोलीत गेलास की तिथल्या बाकावर बसून घेईन. तू नाही आलास तर त्या दिवशीचा चौकोन रिकामा राहील, आणि त्याखाली तुझं नाव लिहीन, सगळ्यांना दिसेल असं.

मंगळवारच्या टपालानं उत्तर पाहिजे. हो-हो नको. आठ तारखेला कुठली बस धरतोस, तेवढं लिही.

ताई